यंत्रामागचा कान



इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल आपल्याकडे एक आक्षेप इतका रुजला आहे की तो आक्षेप आहे हेही आता कुणाला जाणवत नाही. हे संगीत यंत्रातून येते, त्याला ना घराणे ना परंपरा, कळ दाबली की ठेका सुरू, असे सर्रास बोलले जाते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी हा समज आणखी घट्ट केला. त्या भिंतींबद्दलची तक्रार रास्त आहे, पण ती आवाजाच्या पातळीची आणि कायद्याची बाब आहे. म्हणून ती आज बाजूला ठेवतो. मला मांडायचे आहे ते असे, की यंत्रातून कोणते संगीत निघेल हे यंत्र ठरवत नाही. ते वापरणाऱ्याचा कान ज्या संगीतावर पोसलेला असतो, ते संगीत हे ठरवते. सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि मिक्सर घेऊन काम करणाऱ्या मंडळींना त्या क्षेत्रात प्रोड्यूसर म्हणतात. या प्रोड्यूसरांनी इतर संगीतांकडून चाली आणि सुरावटी घेतल्या, हे सगळ्यांना माहीत असते. त्यांचे खरे ऋण मात्र त्याहून खोल आहे. एकच गोष्ट किती वेळ धरून ठेवायची, काय गाळायचे, कुठे मोकळी जागा सोडायची, एका स्वरात किती काळ राहायचे, ही सगळी शिकवण त्यांना हाताने वाजवलेल्या आणि गळ्याने गायलेल्या संगीताने दिली.

एका छोट्या चंदेरी पेटीपासून सुरुवात करू. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१-८२च्या सुमारास टीबी-३०३ नावाचे यंत्र बाजारात आणले. ते तादाओ किकुमोतो यांनी रचले होते. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. एका वेळी एकच स्वर, सोळा घरांचे आवर्तन, आणि वरच्या बाजूला ओळीने बसवलेले लहान नॉब. त्यात स्वर आधी भरायचे आणि लय वेगळी भरायची, अशी किचकट रीत होती. आवाज बास गिटारशी मुळीच जुळत नव्हता. गिटारवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली आणि १९८४मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. तोवर सुमारे दहा हजार नग तयार झाले होते. धंद्याच्या हिशेबात हे यंत्र पडले. संगीताच्या इतिहासात मात्र ते दोन शहरांत दोनदा जन्माला आले, आणि ही दोन्ही शहरे एकमेकांना अनोळखी होती.

पहिले शहर मुंबई. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे अनुभवी वादक. त्यांच्याकडे हे यंत्र होते, त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन होते आणि ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर होता. १९८२मध्ये त्यांनी एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांत दहा राग ध्वनिमुद्रित केले. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. खाली डिस्कोचा ठेका, मध्ये ३०३ची अखंड फिरणारी बासची ओळ आणि वर ज्युपिटरवर हाताने वाजवलेली रागाची बढत. तबल्याला त्यात जागा नव्हती. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या श्रोत्यांना ऐकून धक्का बसला, कारण ती त्यांना ओळखीची वाटली. त्यांच्या मते असे संगीत पाच वर्षांनंतर आणि दुसऱ्याच खंडात जन्मले होते.

ते दुसरे शहर शिकागो. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघा तरुणांचा 'फ्यूचर' नावाचा गट होता. त्यांच्या हाती जुने ३०३ आले, आणि ते कसे चालवायचे याची पुस्तिका नव्हती. आवर्तन फिरत असताना पिएर नॉब फिरवत राहिला. स्वर तेच, घरे तीच, पण आवाजातले वरचे उपस्वर हळूहळू उघडत गेले, मग चिरकले, मग पुन्हा मिटले. बारा मिनिटांच्या आसपास चालणारी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही त्यांची रेकॉर्ड १९८७मध्ये आली आणि तिच्यापासून अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा प्रवाह निघाला.

यावर सरळ आक्षेप असा येईल, की मग यंत्रानेच हे संगीत सुचवले असे का म्हणू नये? दोन शहरांत एकच यंत्र आणि एकाच जातीचा आवाज! शिवाय चरणजित सिंगांची रेकॉर्ड शिकागोत पोचल्याचा काहीही पुरावा नाही. आक्षेप वजनदार आहे, आणि यंत्राचा वाटा शून्य होता असे मीही म्हणणार नाही. पण दोन्ही रेकॉर्ड नीट ऐकल्या तर साम्य जिथे संपते तिथेच महत्त्वाची गोष्ट सुरू होते. सिंगांच्या रेकॉर्डमध्ये आवाजाचा पोत जवळजवळ स्थिर राहतो आणि स्वर हलतात. रागाचे आरोह-अवरोह, वादी स्वराकडे परतणे, वरच्या सप्तकात हळूहळू जाणे, हे सगळे तिथे आहे. शिकागोच्या रेकॉर्डमध्ये स्वर स्थिर आहेत आणि पोत हलतो. म्हणजे एकाच यंत्रासमोर बसून एकाने बढत केली आणि दुसऱ्याने एका तुकड्यावर चढत जाणारा ताण रचला. हा फरक यंत्रात नव्हता. तो त्या माणसांच्या कानात होता.

शिकागोचा कान कुठे घडला? फिलाडेल्फियात अर्ल यंग नावाच्या ड्रमवादकाने १९७३च्या सुमारास पायाने प्रत्येक मात्रेवर समान ठोका देत, हाय-हॅट झांजा मधल्या अर्ध्या मात्रेवर उघडायला सुरुवात केली. डिस्कोचा कणा तोच. यंत्रवत म्हणून हिणवला जाणारा हाउस संगीताचा ठेका मुळात एका जिवंत माणसाच्या हातापायांचा शोध आहे. डिस्कोच्या मागे गॉस्पेल होते, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले समूहगान, ज्यात एकच ओळ पुन्हापुन्हा गात सगळी सभा वरच्या पट्टीत नेली जाते. १९७७मध्ये न्यूयॉर्कहून शिकागोला आलेला डीजे फ्रँकी नकल्स 'वेअरहाउस' या क्लबमध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड टेपवर कापून, जोडून लांबवत असे, म्हणजे चढणारा तो क्षण संपू नये. १९७९च्या जुलैमध्ये याच शहरातल्या एका बेसबॉल मैदानावर डिस्को रेकॉर्डच्या ढिगाला स्फोटकाने उडवण्यात आले, पण तिथल्या क्लबांत ते संगीत चालूच राहिले. पिएरने नॉब फिरवला तेव्हा त्याच्या कानात हे सारे होते. टिकवून धरायचे आणि चढवत न्यायचे, हे त्याला यंत्राने शिकवले नाही.

आणि सिंगांचे काय? इथे आपल्या शास्त्रीय संगीताच्या रसिकांचा आक्षेप ऐकायला हवा. यंत्रांवर वाजलेला मालकंस हा मालकंस कसा? त्याच्या गंधाराचे आंदोलन कुठे आहे, श्रुतींचे काय? कबूल, ते रागगायन नव्हे. यंत्राचे स्वर समान अंतरांत बांधलेले आहेत. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची त्यातली सोय मींडेची सावली देते, मींड देत नाही. पण सिंगांनी रागाकडून जे घेतले ते बारीक कलाकुसरीहून मूलभूत होते. पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यात, आणि हिंदी चित्रपटगीतातही, बासला दर दोन-चार मात्रांनी बदलणाऱ्या कॉर्डच्या मागे धावावे लागते. रागाला कॉर्ड बदलावी लागत नाही. षड्ज खाली अचल असतो आणि सारी हालचाल त्याच्या संबंधाने होते. एका वेळी एक स्वर वाजवणाऱ्या आणि सोळा घरांत फिरणाऱ्या यंत्रासाठी याहून योग्य संगीत कोणते? ज्या मर्यादेमुळे गिटारवाल्यांनी ते टाकून दिले, त्या मर्यादेत रागसंगीताला अडचण वाटलीच नाही. डिस्को लोकप्रिय होते म्हणून सिंगांनी तो ठेका घेतला, पण यंत्राचा उपयोग त्यांना कळला तो कान रागावर पोसलेला होता म्हणून.

आता जमैकाकडे वळतो, कारण इतर संगीताकडून पद्धत घेण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत ऑस्बर्न रडक नावाचा गृहस्थ रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. जगाला तो किंग टबी या नावाने माहीत आहे. गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तेच गाणे आवाजाविना छापायची प्रथा जमैकात साठच्या दशकाअखेर पडली होती. त्या बाजूला व्हर्जन म्हणत. सत्तरच्या दशकात टबीने या व्हर्जनचे रूपच पालटले. त्याच्या मिक्सरवर चार वाटा होत्या. ढोबळ मानाने एकीवर ड्रम, दुसरीवर बास, तिसरीवर गिटार आणि ऑर्गन, चौथीवर गायकाचा आवाज. गाणे सुरू झाले की दोन-तीन शब्दांनंतर तो आवाजाची पट्टी खाली ओढून घेई. जाता जाता शेवटचा शब्द टेपच्या प्रतिध्वनीत सोडून देई आणि तो शब्द विरत विरत मागे जाई. गिटार एका ठोक्यापुरती उघडून पुन्हा बंद करी. फिल्टरचा मोठा नॉब टप्प्याटप्प्याने फिरवून झांजांखालचा सारा देह काढून घेई, नुसता चरचराट उरवी, आणि मग बास परत आणी. तेव्हा नाचणाऱ्यांच्या छातीत तो बास आदळे. घुमारा देणाऱ्या स्प्रिंगच्या यंत्रावर थाप मारून गडगडाटही काढी. हे सगळे एका दमात, गाणे चालू असताना, दोन हातांनी. मिक्सर हे वाद्य झाले ते असे.

यालाच डब म्हणतात, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा निम्मा संसार या शिकवणीवर चालतो. रिमिक्स ही कल्पना, बास पुढे आणि बाकी मागे ही मांडणी, नव्वदच्या दशकातले लंडनचे 'जंगल' हे संगीत, दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातून निघालेले डबस्टेप, बर्लिनच्या 'बेसिक चॅनल'चे डब टेक्नो, हे सगळे तिथून आले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या जमैकन कुटुंबांनी साउंड सिस्टिमची, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्डवर नाचवण्याची परंपरा सोबत नेली नसती तर यातले बरेचसे घडले नसते.

इथे कुणी म्हणेल की डब तर मुळातच यंत्राचे संगीत आहे, मग ते 'इतर संगीत' कसे? मला वाटते, टबीने काय गाळले यापेक्षा गाळल्यावर काय उरले याकडे बघावे. त्याच काळातल्या बहुतेक हिंदी चित्रपटगीतांतून गायकाचा आवाज आणि व्हायोलिनचा ताफा काढून घ्या. खाली उरलेला बास आणि ठेका तीन मिनिटे एकट्याने उभा राहत नाही, कारण तो साथीसाठीच लिहिलेला असतो. रेगेमध्ये बासची ओळ हीच एक चाल असते. ड्रमवादक आवर्तनातली पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि गिटार मधल्या मात्रांवर तुटक वाजते. म्हणजे त्या वादकांनी हवा आधीच सोडलेली होती. शिवाय नाचाच्या जागी व्हर्जनच्या त्या रिकाम्या भागावर यू-रॉयसारखा माणूस माइक घेऊन तिथल्या तिथे बोलत-गात असे. गाळलेली जागा कुणासाठी तरी ठेवलेली असे. टबीचे कसब मोठे, त्यात शंका नाही. पण ते ज्या संगीतावर चालले, त्या संगीताने मोकळ्या जागेची किंमत आधीच जाणलेली होती.

तिसरे उदाहरण आपल्या मिरजेजवळचे आहे. त्यात कुणी कुणाला थेट काय दिले याचे धागे गुंतलेले आहेत, म्हणून ते जरा जपून उलगडतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तिथेच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात दरवर्षी गाणे होते. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तंबोरा जुळवणारा माणूस काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. तार पट्टीत आली तरी त्याचे काम संपत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवत तो कान लावून ऐकतो. एका जागी तार नुसती टण्‌ वाजते, जरा सरकवली की भरून येते आणि तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलू लागतात. जवारी लागली म्हणतात ती हीच. सिंथेसायझरचा फिल्टर उघडताना आणि मिटताना जे घडते ते याच जातीचे आहे. मूळ स्वर जागचा हलत नाही, त्याच्या पोटातले उपस्वर कमी-जास्त होतात. एका स्वराच्या आत इतके काही चालू असते, हे किराण्याच्या गायकांनी आपल्या गाण्याचे मर्म मानले. म्हणून त्यांचा आलाप एकेका स्वरावर इतका रेंगाळतो.

अब्दुल करीम खाँचे आप्त अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य लाहोरचे पंडित प्राणनाथ १९७०मध्ये अमेरिकेला गेले. ला मॉण्टे यंग आणि टेरी रायली हे दोघे अमेरिकन संगीतकार त्यांचे गंडाबंद शिष्य झाले आणि गुरूच्या निधनापर्यंत, १९९६पर्यंत, शिष्यच राहिले. रायलीने दोन टेपयंत्रांत एकच फीत फिरवून आपल्याच वादनाचे थर चढवायची युक्ती साठच्या दशकातच बसवली होती. त्याच्या १९६९च्या 'अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर' या रेकॉर्डमधल्या, सतत घोळत राहणाऱ्या कीबोर्डच्या ओळी पुढच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला पाया ठरल्या. 'द हू' या इंग्लिश बँडने १९७१मध्ये त्याच धर्तीवर ऑर्गनची ओळ फिरवत 'बाबा ओ'रायली' हे गाणे बांधले. त्यातला रायली म्हणजे टेरी रायली आणि बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला आश्रम उभारणारे मेहेरबाबा. रायली आणि स्टीव्ह राइक यांच्या वळणावर जर्मनीच्या मानुएल ग्योट्शिंगने १९८१मध्ये एका बैठकीत तासाभराची 'ई२-ई४' ही रचना ध्वनिमुद्रित केली. दोन कॉर्ड, त्यांच्यावर न थांबणारे आवर्तन, उत्तरार्धात गिटार. १९८४मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा जर्मन समीक्षकांनी तिला फारसे मोजले नाही. न्यूयॉर्कच्या 'पॅरडाइज गराज' क्लबमध्ये मात्र डीजे लॅरी लेव्हन तिच्यावर लोकांना नाचवत असे, आणि पुढे डेट्रॉइट आणि इटलीच्या प्रोड्यूसरांनी तिची नवी रूपे काढली.

आता जपून बोलायचे ते इथे. रायलीने आवर्तनाचे संगीत प्राणनाथ भेटण्याआधीच सुरू केले होते. त्याची 'इन सी' ही रचना १९६४ची आहे. यंगने दीर्घ स्वरांची रचना १९५८मध्येच केली, आणि लहानपणी ऐकलेल्या विजेच्या तारांच्या गुणगुणीचाही उल्लेख तो करतो. मग किराण्याला श्रेय कशाचे? एक तर भारतीय संगीत प्राणनाथांच्या आधीच तिथे पोचले होते. अली अकबर खाँची १९५५ची रेकॉर्ड यंगने तरुणपणी ऐकली होती आणि तीत एकटा वाजणारा तंबोरा त्याच्या मनात बसला होता. विजेच्या तारा तर अमेरिकेत सगळ्यांनीच ऐकल्या. त्या गुणगुणीत संगीत आहे हे ज्याला ऐकू आले, त्याचा कान वेगळा होता. दुसरा पुरावा मला जास्त ठाम वाटतो. प्राणनाथांकडे शिकू लागल्यावर रायलीने यामाहाचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन जसा आला तसा वापरणे सोडले. त्याचे स्वर बदलून शुद्ध, नैसर्गिक अंतरांत लावून घेतले आणि त्यावर 'श्री कॅमल' बांधली. ती १९८०मध्ये आली. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला कारखान्यातला गंधार चालेना, म्हणून यंत्र बदलावे लागले.

हा प्रयोग आपल्याकडे त्याच्याही साठएक वर्षे आधी झालेला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम तयार करवून घेतली. या शोधात अब्दुल करीम खाँ त्यांच्या सोबत होते. पुढे तिच्या गणितावर वाद झाले, ती रूढ झाली नाही. ते इथे महत्त्वाचे नाही. आयात केलेली पेटी समोर आली तेव्हा किराण्याच्या गायकाने गळा पेटीच्या मापात बसवला नाही, पेटी गळ्याच्या मापात बसवायचा प्रयत्न केला, हे महत्त्वाचे आहे.

माझ्या मांडणीवर सर्वांत मोठा आक्षेप अजून बाकी आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताला स्वतःची वंशावळ आहे, ती प्रयोगशाळेत आणि रेडिओ केंद्रात सुरू होते, असे अभ्यासक म्हणतील. पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८मध्ये आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रणातून रचना केली. कोलोनच्या रेडिओ केंद्रात श्टॉकहाउझनने विजेवर निर्माण केलेल्या ध्वनींतून संगीत उभे केले. मग डसेलडॉर्फचा क्राफ्टवर्क हा गट आला आणि डेट्रॉइटने त्यांच्यावरून टेक्नो हे संगीत बांधले. यात इतर संगीत कुठे? शेफरपुरते मी मान्य करतो. तिथे खरोखर गोंगाटापासून सुरुवात झाली होती. पण श्टॉकहाउझनची १९५६ची सर्वांत गाजलेली रचना 'गेसांग डेअर युंगलिंगे' बारा वर्षांच्या मुलाच्या आवाजावर उभी आहे, आणि त्याचे शब्द बायबलमधल्या स्तुतिगीताचे आहेत. चर्चमधले बालगान काढून घेतले तर ती रचना उरतच नाही. डेट्रॉइटमध्ये काय घडले? 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने रेडिओवर येणारा निवेदक एकाच रात्रीत क्राफ्टवर्क, पार्लमेंट हा फंक बँड आणि गायक प्रिन्स यांची गाणी लावायचा. वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉण्डरसन यांनी हे सारे एकत्र ऐकले. पार्लमेंटच्या १९७७च्या 'फ्लॅश लाइट' या गाण्यात बर्नी वॉरेलने सिंथेसायझरवर हाताने वाजवलेला, लवचीक, मागेपुढे झुलणारा बास आहे. क्राफ्टवर्कच्या ताठ चौकटीत हा झोल आला तेव्हा टेक्नो झाले. तीच क्राफ्टवर्कची चौकट इतर कितीतरी गावांत पोचली होती. तिथे टेक्नो जन्मले नाही.

मात्र इतर संगीताकडून घेणे म्हटले की चोरीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडने १९६९मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' ही वाद्यरचना दिली. तिच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तने एकटा वाजवतो, सारी मिळून जेमतेम सहा-सात सेकंद. ध्वनीचा तुकडा उचलून वाजवणारे यंत्र, म्हणजे सॅम्पलर, स्वस्त झाल्यावर हा तुकडा आधी हिपहॉपने उचलला, मग जंगलच्या प्रोड्यूसरांनी त्याचा वेग वाढवला, एकेक ठोका कापून वेगळा केला आणि उलटसुलट रचला. एवढ्या वेळा वापरलेला दुसरा तुकडा जगात क्वचितच असेल. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६मध्ये तो हलाखीत वारला. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला २०१५मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी लोकवर्गणीतून सुमारे २४ हजार पौंड पाठवले. ती माणुसकी होती. हक्काचे मानधन नव्हते. यावर कुणी म्हणते की त्या तुकड्यात मूळ असे काय होते, ती रचनाच एका जुन्या गॉस्पेल गाण्यावर बेतलेली होती. खरे आहे, आणि संगीत असेच हातोहात पुढे जाते. पण जंगल ऐकताना आपल्याला खेचून घेतो तो कोलमनच्या हाताचा झोक, तिसऱ्या आवर्तनात त्याने जरा उशिरा टाकलेला ठोका. तो माणूस ओळखता येतो. ज्याचा हात ओळखता येतो त्याचे नाव न घेणे हा अन्याय आहे, कायदा काहीही म्हणो.

चोरीहून वेगळा, मला जास्त सतावणारा एक प्रकार आहे, नुसती सजावट करण्याचा. गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात परदेशी डीजे युरोपातली नाचाची गाणी कॅसेटवर आणून, त्यांतले गायन वगळून रात्रभर वाजवत. त्यातून गोवा ट्रान्स घडले. ते संगीत मला कमी लेखायचे नाही. त्यातली लांब पल्ल्याची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. पण त्याच गावांत मांडो आणि दुलपद गायले जात होते, घुमट वाजत होते, शिगम्याला ढोल-ताशे निघत होते. त्यातले जवळजवळ काहीच या संगीतात उतरले नाही. भारताचे म्हणून जे आले ते पौर्वात्य वाटणारे कोमल ऋषभाचे सप्तक, कुठे एखादा मंत्र, कुठे सतारीचा झंकार. गोव्याचे नाव जगभर गेले, गोव्याचे संगीत गेले नाही. आज तयार सॅम्पलच्या साठ्यांत 'इंडियन' नावाच्या कप्प्यातून तबल्याचे दोन बोल उचलून रचनेवर चिकटवले जातात, तेही याच जातीचे. किंग टबीने रेगेकडून मोकळी जागा घेतली, रायलीने किराण्याकडून स्वराची वाट पाहणे घेतले, चरणजित सिंगांनी रागाकडून अचल षड्ज घेतला. चिकटवणाऱ्याच्या कामात असे काहीच बदलत नाही. तबला काढून घेतला तरी त्याची रचना तशीच राहते, आणि माझ्या लेखी घेणे खरे की वरवरचे हे ओळखायची तीच कसोटी आहे.

आज पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नाशकात, पणजीत किती तरी तरुण लॅपटॉपवर संगीत रचतात. त्यांच्यासमोरची साधने जगात इतर कुणाहूनही कमी नाहीत. त्यांच्याकडे माझे मागणे आहे. हलगीवाला दोन काठ्यांत वजनाचा फरक कसा ठेवतो, गोंधळी संबळाच्या दोन तोंडांत बास आणि चढा बोल कसे वाटून घेतो, तुणतुण्याची एकच तार अख्खी लावणी कशी धरून ठेवते, हे आधी भरपूर ऐका. त्या माणसांसमोर बसून ऐका, आणि त्यांना शिकवायला सांगा. मग ध्वनिमुद्रण करायचे असेल तर त्यांना विचारून करा, ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या, पुढच्या उत्पन्नातला वाटा लेखी ठरवा, आणि आपली रचना जिथे जिथे प्रसिद्ध होईल तिथे वादकाचे पूर्ण नाव आणि गाव आपल्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.